कॅसेटवर नाव नव्हतं

(प्रस्तावना)

माझ्या टेबलाच्या खणात एक पिवळी कॅसेट आहे. वरच्या चित्रात मशीनगन घेतलेला पिळदार दंडांचा माणूस, त्याच्यामागे लाल मोटार आणि कोपऱ्यात डायनासोर. खाली ठळक अक्षरांत ‘९९९९९९ इन १’. कॅसेट यंत्रात घातली की यातलं काहीच दिसत नाही. ना डायनासोर, ना ती मोटार. दिसते ती नावांची न संपणारी यादी. आत खरे खेळ सातआठच. पानं उलटत गेलं की तोच मारिओ, तेच रणगाडे आणि तोच सिंहावर बसलेला सर्कसवाला वेगवेगळ्या नावांनी पुन्हा भेटतात. कुठे दुसऱ्या स्टेजपासून सुरू होतात, कुठे दोन लाईफ जास्त देतात.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडांनी ही यादी तपासायची ठरवली. दोनशे पानी वही घेतली, डाव्या बाजूला आकडा, उजव्या बाजूला ‘खरा’ किंवा ‘डुप्लिकेट’. एकशे चाळीसपर्यंत मजल गेली आणि शाळा सुरू झाली. वही पुढे भूमितीला लागली. पण तिच्या पहिल्या पानावर मी एक प्रश्न लिहून ठेवला होता: ‘हे कोणी बनवलं?’ कॅसेटवर कंपनीचं नाव नव्हतं, साल नव्हतं, माणसाचं नाव तर नव्हतंच. हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मी अभियंता नाही आणि गेम बनवणाराही नाही. मी खेळणारा आहे, आणि खेळून झालं की त्यावर वाद घालणारा. त्यामुळे या पुस्तकात माहितीबरोबर मतंही भरपूर आहेत. माहिती जितकी तपासता आली तितकी तपासली आहे. मतं तपासायची सोय नसते, ती वाचकाने आपापल्या जबाबदारीवर घ्यावीत.

आधी शब्दांबद्दल. टीव्हीला जोडायचं, फक्त खेळण्यासाठी बनवलेलं यंत्र म्हणजे कन्सोल. आम्ही त्याला ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, म्हणजे यंत्रही व्हिडिओ गेम आणि त्यातला खेळही व्हिडिओ गेम. हातातला कंट्रोलर म्हणजे ‘रिमोट’, त्याला हातभर वायर असली तरी. आणि कार्ट्रिज म्हणजे ‘कॅसेट’. तिच्यात फीत नसते. प्लॅस्टिकच्या पोटात एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर चिप असते. पण घरात टेपरेकॉर्डरच्या कॅसेटी होत्या, शेजाऱ्यांकडे व्हीसीआरच्या होत्या, म्हणून हीसुद्धा कॅसेट झाली. हे शब्द मी पुस्तकभर तसेच ठेवले आहेत. तांत्रिक काटेकोरपणापेक्षा आपल्या घरात जे बोललं गेलं ते मला महत्त्वाचं वाटतं.

*

कन्सोलचा इतिहास सहसा ताकदीचा इतिहास म्हणून सांगतात. आधी आठ बिट, मग सोळा, मग बत्तीस, मग चौसष्ट. चित्र सुधारत गेलं, आवाज सुधारत गेला, आणि आपण आजच्या शिखरावर येऊन पोचलो. ही गोष्ट मला पटत नाही. एकतर ती कंपन्यांच्या जाहिरातींनी आपल्याला पढवलेली आहे. दुसरं म्हणजे तिच्यात माणसं नाहीत. मी हा इतिहास नावांचा इतिहास म्हणून वाचतो: कुणाचं नाव छापलं गेलं, कुणाचं गाळलं गेलं, आणि कुणी ते गुपचूप लिहून ठेवलं.

सुरुवात राल्फ बेअर यांच्यापासून करावी लागते. नाझी जर्मनीतून १९३८ मध्ये अमेरिकेत पळून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा. १९६६ मध्ये त्यांच्या मनात आलं की टीव्ही नुसता बघायचा कशासाठी, त्याच्याशी खेळता का येऊ नये? त्यातून १९७२ मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ बाजारात आलं. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते, गुण मोजायची सोय नव्हती. पडद्यावर दोनचार पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढंच. म्हणून खोक्यात रंगीत पारदर्शक पत्रे दिलेले असत. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवले की ठिपक्यांच्या मागे टेनिसचं मैदान यायचं, पत्रा बदलला की दुसरंच काही. सोबत फासे आणि खोट्या नोटा. पहिला घरगुती कन्सोल हा अर्धा टीव्हीचा आणि अर्धा सापशिडीच्या पटाचा होता. गुण तुम्ही कागदावर लिहायचे आणि त्यावरून भांडायचंही तुम्हीच. मला या यंत्राबद्दल फार आदर आहे, कारण त्याने खेळणाऱ्याच्या कल्पनेवर विश्वास टाकला.

कॅसेट बदलून खेळ बदलायची युक्ती बाजारात आली ती १९७६ च्या ‘फेअरचाइल्ड चॅनेल एफ’ या कन्सोलमध्ये. ते घडवणाऱ्यांचं नेतृत्व जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याने केलं. आपण कॅसेट काढून दुसरी घालायचो, त्या कृतीमागे ज्यांची मेहनत होती त्यांतलं हे एक मोठं नाव, आणि कितीतरी वर्षं ते इतिहासातून जवळपास पुसलेलं होतं. पुढच्याच वर्षी अटारीचं यंत्र आलं, जे पुढे ‘२६००’ या नावाने गाजलं. त्याची काम करायची स्मृती होती १२८ बाइट. आजच्या पद्धतीने संगणकात साठवायचं तर देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे त्या यंत्राच्या डोक्यात मराठीची फार तर बेचाळीस चिन्हं मावली असती, एक म्हणसुद्धा दाटीवाटीने बसली असती. एवढ्या जागेत माणसांनी जंगलं उभी केली, मगरी पोहायला सोडल्या आणि युद्धं लावली. चित्र साठवायला जागाच नसल्यामुळे टीव्हीचा किरण पडद्यावर एकेक ओळ काढत असताना, त्या ओळीपुरतंच चित्र त्याच क्षणी पुरवायचं, असा तो कारभार होता. आचाऱ्याने पंगतीत उभं राहून एकेक घास शिजवत वाढत जावं, तसं.

या कसबी लोकांची नावं अटारी छापत नसे. म्हणून वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाच्या खेळात एक गुप्त खोली ठेवली. एक न दिसणारा ठिपका शोधून योग्य ठिकाणी नेला की त्या खोलीत त्याचं नाव झळकायचं. कंपनीला हे कळलं तेव्हा कॅसेटी घरोघर पोचल्या होत्या. त्याआधीच, १९७९ मध्ये, अटारीतले चार प्रोग्रॅमर बाहेर पडून ‘अ‍ॅक्टिव्हिजन’च्या स्थापनेत सामील झाले होते, आणि त्या कंपनीने बनवणाऱ्याचं नाव खोक्यावर छापायला सुरुवात केली. लेखकाचं नाव पुस्तकावर असतं, गायकाचं रेकॉर्डवर असतं, मग खेळ करणाऱ्याचं का नसावं, इतकं साधं मागणं होतं ते. पुढे जपानमध्येही अनेक खेळांच्या शेवटी खऱ्या नावांऐवजी टोपणनावं यायची. दुसऱ्या कंपनीने माणूस पळवू नये, ही मालकांची धास्ती.

१९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. निकृष्ट खेळांचा पूर आला, दुकानदारांनी माल परत पाठवला, आणि हॉवर्ड स्कॉट वॉर्शा यांनी जेमतेम पाच आठवड्यांत उरकलेला ‘ई.टी.’ हा खेळ या पडझडीचं प्रतीक ठरला. न्यू मेक्सिकोतल्या अलामोगॉर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीने कॅसेटी गाडल्या. कित्येक वर्षं लोकांना ती दंतकथा वाटायची, २०१४ मध्ये खणून पाहिल्यावर खरंच सापडल्या. ही गोष्ट मजेची आहे आणि तिच्यावर पुस्तकात एक प्रकरणही आहे. पण माझी तक्रार तिच्या मथळ्याबद्दल आहे. ‘व्हिडिओ गेमचा विनाश’ असं तिला म्हटलं जातं. विनाश झाला तो अमेरिकेत. त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये एक लाल-पांढरं यंत्र १४,८०० येनला विकायला आलं. त्याचं नाव ‘फॅमिकॉम’, आणि पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोचलेली सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

*

निन्टेन्डो ही क्योतोमधली कंपनी १८८९ मध्ये सुरू झाली ती फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी. तिच्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करायला लागलेला गुनपेई योकोई हा माणूस माझ्या मते कन्सोलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा विचारवंत आहे. रिकाम्या वेळात त्याने लांब होणारा एक खेळण्यातला हात बनवला, तो मालकांनी पाहिला आणि १९६६ मध्ये विकायला काढला. योकोईचं तत्त्व असं की नव्या, महागड्या तंत्रामागे धावू नये. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना पुरतं कळलेलं तंत्र घ्यावं आणि त्याचा कुणी न केलेला वापर करावा. आपल्याकडे हे तत्त्व सांगावं लागत नाही. आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी होते ती याच विचाराने. ‘गेम अँड वॉच’ हा कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा खेळ, रिमोटवरचा अधिक-चिन्हासारखा दिशांचा खटका आणि १९८९ चा ‘गेम बॉय’ ही त्याची आणि त्याच्या सहकाऱ्यांची कामं. गेम बॉयचा पडदा शेवाळी आणि मंद होता, पण चार सेलवर तो दिवसचे दिवस चालायचा. प्रतिस्पर्धी सेगाच्या ‘गेम गिअर’ला रंगीत पडदा होता आणि सहा सेल काही तासांत संपायचे. कोण जिंकलं हे सांगायला नको. ताकदीच्या इतिहासाला या निकालाचा अर्थ लावता येत नाही.

फॅमिकॉम मासायुकी उएमुरा यांनी घडवलं. त्याची स्मृती दोन किलोबाइट. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा खेळ कॅसेटमध्ये चाळीस किलोबाइटमध्ये बसवला होता. रोज सकाळी फोनवर येणारं गुलाबाच्या फुलाचं ‘सुप्रभात’ याच्या कितीतरी पट जड असतं. जागा वाचवायला केलेली एक चलाखी मला फार उशिरा दिसली आणि मग दिसायची थांबेना: मारिओतले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे. वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप.

या खेळाची पहिली स्टेज मी या पुस्तकात अकरा पानं भरून तपासली आहे. इथे फक्त पहिले दहा सेकंद सांगतो. मारिओ पडद्याच्या डाव्या कडेला उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं हे न सांगता कळलं. समोरून भुवया आक्रसलेला एक तपकिरी मशरूम चालत येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण खेळ नुकताच सुरू झालाय, फार काही गमावलेलं नाही. दुसऱ्या वेळी उडी मारता. डोक्यावर प्रश्नचिन्हाचा ठोकळा आहे, त्याला डोकं लागतं, नाणं निघतं. दुसऱ्या ठोकळ्यातून एक मशरूम निघून उजवीकडे घरंगळत जातो, हिरव्या पाइपला आपटून परत तुमच्याच दिशेने येतो. आत्ताच एका मशरूमने मारलंय म्हणून तुम्ही बिचकता, पण वर विटा असल्यामुळे उडी मारून सहज पळताही येत नाही. तो अंगाला लागतो आणि तुम्ही मोठे होता. चांगला कोण, वाईट कोण, हे एका वाक्याविना शिकवून झालं. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या दोघांनी हे रचलं. इंग्रजी पाचवीपासून सुरू झालेल्या मराठी शाळेतल्या मुलाला त्यातला एकही शब्द वाचावा लागला नाही. इतका चांगला मास्तर मला शाळेतही क्वचित भेटला.

*

आता आपल्याकडे येतो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात घरोघर दिसलेली बहुतेक यंत्रं म्हणजे फॅमिकॉमच्या नकला होत्या. कुणाकडे ‘लिटल मास्टर’ होता, कुणाकडे ‘मीडिया’, आणि आणखी कुणाकडे नावच आठवणार नाही असं काहीतरी. फॅमिकॉमच्या पोटातला सगळा कारभार पूर्वेकडच्या कारखान्यांनी पुढे एकाच चिपमध्ये कोंबला आणि वर काळ्या डांबरासारखा गोळा थापला. यंत्र उघडलं की तो काळा ठिपका दिसतो, बाकी सगळी पोकळी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत ती यंत्रं ढिगाने मिळत. आमचं वडिलांच्या दिवाळी बोनसमधून आलं. दुकानदाराने ‘गॅरंटी नाही, चालवून बघून न्या’ असं सांगून दुकानातल्याच टीव्हीवर मारिओ चालवून दाखवला, तेव्हा वडिलांनी पहिली उडी मारली. ती खड्ड्यात गेली, पण सौदा पक्का झाला.

ही चोरी होती, हे स्वच्छ सांगायला हवं. ज्यांनी खेळ बनवले त्यांना आमच्या पैशातली दमडीही मिळाली नाही. मला त्याचं समर्थन करायचं नाही. पण त्या चोरीचा एक परिणाम झाला, तो मला कुठल्या पुस्तकात नीट मांडलेला दिसला नाही, आणि हे पुस्तक लिहिण्याचं तेच मुख्य कारण आहे.

परदेशी पुस्तकं वाचायला लागलो तेव्हा मला माझं बालपण त्यांत सापडेना. ‘टँक’ सापडेना. विटांच्या आड एक गरुड, त्याला राखायचं, वीस शत्रू रणगाडे उडवले की पुढची स्टेज, अशा एकंदर पस्तीस. आमच्या वाड्यात हा खेळ न खेळलेलं पोर नव्हतं. तो नाम्कोचा ‘बॅटल सिटी’, १९८५ मधला, आणि त्या काळात तो अमेरिकेत विकायलाच आला नव्हता. सिंहावरून आगीच्या कड्यांतून उडी मारणारा ‘सर्कस चार्ली’, पेट्रोल संपायच्या आत पोचायचा ‘रोड फायटर’, यांच्या फॅमिकॉमवरच्या आवृत्त्याही तशाच अमेरिकेबाहेर राहिल्या. उलट ज्या ‘झेल्डा’वाचून अमेरिकन लेखकाचं पान हलत नाही, जपानमध्ये ज्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’साठी दुकानांसमोर रांगा लागल्या, त्यांची नावंही आम्ही मोठेपणी ऐकली.

असं का झालं याचा मी बराच शोध घेतला, आणि उत्तर कॅसेटच्या पोटात सापडलं. बॅटल सिटी चोवीस किलोबाइटचा आहे, सर्कस चार्लीही तेवढाच, मारिओ चाळीस. त्यांना कॅसेटमध्ये जादा चिप लागत नाही, म्हणून एका स्वस्त कॅसेटमध्ये असे खेळ डझनाने कोंबता येत. ‘कॉन्ट्रा’ १२८ किलोबाइटचा. म्हणून त्याची कॅसेट महाग, आणि ती ज्याच्याकडे असेल त्याच्या घरी गर्दी. झेल्डासारख्या लांबलचक खेळात आपली प्रगती साठवायला कॅसेटमध्ये बॅटरी लागते. नकला करणारे तो खर्च कशाला करतील? शिवाय त्या खेळांत वाचायचं फार, आणि तेही इंग्रजीत किंवा जपानीत. म्हणजे आमच्या पिढीने काय खेळायचं हे ठरवणारा संपादक कोणी रसिक नव्हता. तो खर्च वाचवणारा कारखानदार होता. गंमत अशी की त्याने निवड वाईट केली नाही. छोटे, शब्दांवाचून कळणारे, एका बैठकीत संपणारे, दोघांनी मिळून खेळायचे खेळ त्याने गाळून आमच्या हाती दिले.

हीच निवड इतरत्रही पोचली. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने अशीच नक्कल विकली गेली, पोलंडमध्ये ‘पेगासस’ नावाने. त्यामुळे मॉस्कोतल्या चाळिशीच्या माणसाचं गेमिंगचं बालपण न्यूयॉर्कच्या माणसापेक्षा पिंपरी-चिंचवडच्या माणसाशी जास्त जुळतं. कन्सोलचा एक दुसरा इतिहास आहे, नकलांच्या देशांचा, आणि तो बहुतेक तोंडी आहे. म्हणून या पुस्तकाच्या मधल्या भागात माझ्या ओळखीच्यांनी सांगितलेल्या आठवणी जास्त आहेत, तारखा कमी.

बॅटल सिटीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. त्यात आपलाच गोळा आपल्या गरुडाला लागू शकतो, आणि लागला की शिल्लक लाईफ कितीही असोत, खेळ संपला. भिडूला गोळा लागला तर तो काही वेळ जागच्या जागी थिजतो. म्हणजे शत्रूपेक्षा भिडूवर लक्ष ठेवावं लागतं. आमच्या घरातली निम्मी भांडणं ‘तू मुद्दाम मारलंस’ या वाक्याने सुरू झाली आहेत. आज ऑनलाइन हजार मैलांवरच्या माणसाबरोबर खेळता येतं आणि तो चिडला तरी आपल्याला त्याची उशी लागत नाही. मला ती उशी लागणं हा खेळाचा भाग वाटतो. हे माझं मत जुनाट आहे याची मला कल्पना आहे.

आणि एक गैरसमज दूर करतो. कॅसेट चालेना की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. फुंकरीने काही होत नसे. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे तिचे दाते नीट बसायचे, श्रेय फुंकरीला मिळायचं, आणि तोंडातली वाफ त्या दात्यांना गंज चढवायची. तरीही मी अजून फुंकतो.

*

पुढचा इतिहास वाचकांना बराचसा ठाऊक असेल, म्हणून भरभर जातो. निन्टेन्डो आणि सेगा यांच्या सोळा बिटांच्या युद्धात माणसं कमी आणि घोषणा जास्त होत्या. खरी नाट्यमय घटना १९९१ ची. निन्टेन्डोसाठी सीडीवर चालणारं यंत्र बनवत असल्याचं सोनीने जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने त्याच प्रदर्शनात फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीतले केन कुतारागी या अपमानानंतर स्वतःचं यंत्र करायच्या हट्टाला पेटले, आणि ३ डिसेंबर १९९४ रोजी प्लेस्टेशन आलं. कॅसेट बनवायला महाग, तिचा कारखाना निन्टेन्डोच्या हातात. सीडी स्वस्त, झटपट छापून मिळणारी. ‘फायनल फँटसी’ या मालिकेचा सातवा खेळ १९९७ मध्ये तीन सीडींवर आला तो प्लेस्टेशनसाठी, निन्टेन्डोसाठी नाही. मोठमोठ्या मालिका चालवणाऱ्यांनी बाजू बदलली ती अशा हिशेबावर.

२००० चं प्लेस्टेशन टू दीड कोटी नव्हे, पंधरा कोटींच्या वर विकलं गेलं. आपल्याकडे ते गल्लीतल्या पार्लरमधून आधी आणि घरांतून नंतर आलं. २००६ च्या ‘क्रिकेट ०७’ने कित्येकांची बारावी बुडवली. २००९ मध्ये याच यंत्रासाठी हैदराबादच्या ऑरोना या कंपनीने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ बनवला. भारतात घडलेल्या पहिल्यावहिल्या कन्सोल खेळांपैकी तो एक. खेळ म्हणून तो बेतास बात होता, पण त्याच्यावर बनवणाऱ्यांचं नाव होतं. आमच्या पिवळ्या कॅसेटीपासून तिथवर यायला आपल्याला इतकी वर्षं लागली, म्हणून त्या खेळाला पुस्तकात त्याच्या गुणांपेक्षा जरा जास्त जागा दिली आहे.

आजची माझी काळजी वेगळी आहे. खेळ आता हातात येत नाहीत, उतरवून घ्यावे लागतात, आणि दुकान बंद झालं की विकत घ्यायची वाटच बुजते. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने ‘थ्रीडीएस’ आणि ‘वी यू’ या यंत्रांसाठीची ऑनलाइन विक्री थांबवली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेच्या पाहणीत दिसलं की २०१० पूर्वी तिथे आलेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत. नकली, निनावी, चोरीची माझी पिवळी कॅसेट मात्र परवाच्या रविवारी पहिल्या फुंकरीत सुरू झाली. यातून चोरीचं भलं ठरत नाही, पण सचोटीच्या दुकानदारांनी या गोष्टीची लाज बाळगायला हरकत नाही. वाचकांना एवढंच सांगणं आहे: माळ्यावरचं खोकं भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून बघा.

*

शेवटी आभार, आणि एक श्रेय, जे द्यायला मला पंचवीस वर्षं उशीर झाला.

आमच्या यंत्राबरोबर एक बंदूक आली होती. ‘डक हंट’ लावायचा, टीव्हीसमोर उभं राहायचं आणि उडणारी बदकं टिपायची. चुकलं की गवतातून एक कुत्रा डोकं वर काढून दात विचकून हसायचा. त्या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्यात येतं. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन उमटतो, इतक्या थोड्या वेळात की आपल्याला फक्त लुकलुक जाणवते. बंदुकीने आधी अंधार आणि मग उजेड पाहिला तर बदक पडलं. आधी अंधार का, तर कुणी ट्यूबलाइटवर नेम धरून फसवू नये म्हणून. जुन्या पोटवाल्या टीव्हीवर चित्र जिथल्या तिथे उमटायचं म्हणून हे जमायचं. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित मागे राहतं आणि बंदूक आंधळी होते. डक हंट हा टीव्हीबरोबरच म्हातारा झालेला खेळ आहे.

बंदूक नेहमी आम्हा मुलग्यांकडे असायची. ती दुसऱ्या रिमोटच्या जागी लागायची आणि पहिला रिमोट तसाच राहायचा, कारण खेळ सुरू करायला ‘स्टार्ट’ दाबावं लागे. ते काम माझ्या आत्तेबहिणीचं. सुट्टीत ती नाशिकहून यायची. आम्ही मुलगे पाळीपाळीने बंदूक घ्यायचो आणि ताई भिंतीला टेकून, पांघरुणात पाय घालून, रिमोट मांडीवर ठेवून बसायची. एकच बदक उडणारा खेळ ती लावायची. माझा नेम बरा होता, तरी ताई आली की बदकं भलतीच हुशार व्हायची. नेम धरला की ऐनवेळी वळायची. मी कुत्र्याला शिव्या द्यायचो, आई आतून ओरडायची, ताई हसायची.

हे पुस्तक लिहिताना मूळ खेळाची माहितीपुस्तिका पहिल्यांदा वाचायला मिळाली. आमच्या खोक्यात ती कधी नव्हतीच. तिच्यात साधीशी सूचना होती: एका बदकाच्या खेळात पहिला रिमोट हाती असलेल्याला बदक उडवता येतं. मी तसाच ताईला फोन लावला. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही, मग ती म्हणाली, “तुला आत्ता कळलं होय रे? स्टार्ट दाबून झाल्यावर अंगठ्याला काम नव्हतं. सहज दाबून बघितलं.”

पुस्तिका नाही, बंदूक नाही, तिची पाळीही नाही. आमच्यापैकी कुणी न शिकवता तिने तो खेळ पुरता ओळखला होता आणि आम्हाला कळूही न देता आमच्याविरुद्ध खेळत होती. पडद्यावर गुण फक्त माझे दिसायचे. रॉबिनेटने निदान एक खोली बांधून नाव लिहून ठेवलं. ताईने तेवढंही केलं नाही.

ज्या मित्रांनी आठवणी सांगितल्या, कॅसेटी उसन्या दिल्या आणि माझी मतं खोडून काढली, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. डक हंटवरचं प्रकरण छापायला देण्याआधी मी ताईला वाचायला पाठवलं. तिने एकच दुरुस्ती सुचवली: मी लिहिलं होतं की दहापैकी सातआठ बदकं मी पाडायचो. तिने पेन्सिलीने ते खोडून ‘चार’ केलं आहे. दुरुस्ती मी ठेवली आहे.